गल्लीची फील्ड टेस्ट

२ सप्टेंबर, संध्याकाळ
पोचलो. सगळं सामान शाबूत. विमानतळावर एका माणसाने आपणहून माझी बॅग उचलून दिली. चेहरा लक्षात ठेवला आहे.

पंधरा दिवसांसाठी ही खोली भाड्याने घेतली. ज्या घराचा विचार चालू आहे ते बरोबर समोर, याच गल्लीत. दोन खोल्या, पुढे तीन पायऱ्या, मागे हातभर अंगण. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाणी दिसतं, स्टुलावर उभं राहिलं तर. हिचं या घरावर मन बसलं आहे. फोटो बघूनच बसलं. गेलं वर्षभर मोबाइलवर इथली भाषा शिकत होती, भाजी चिरता चिरता इथले शब्द पुटपुटायची. मला वाटलं, देवाचं काही म्हणते. पैसे तिच्या फंडाचे आणि डोकं माझं, अशी आमची वाटणी.

मेव्हण्याने असंच परदेशात सुट्टीचं घर घेतलं. चौकशी शून्य. आधी बागेतला पंप गेला, मग नळ, मग गेट. तरी भेटला की सांगतो, हवा फार छान आहे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. मी मागचा.

संकल्प: घाई करायची नाही. गल्ली सुरक्षित आहे अशी माझी खात्री पटली, तरच होकार.

३ सप्टेंबर
एजंट आला. म्हणाला, या गल्लीत कधी चोरी झालेली नाही. कशावरून, विचारलं. तर म्हणे सगळे तसंच सांगतात. मी म्हटलं, चोरांना विचारलंत का? हिने याचं भाषांतर केलं नाही.

पुढे एक गंमत कळली. घराच्या मालकीणबाई, ऐंशीच्या पुढच्या, काठी घेऊन चालतात, त्या घर कुणालाही देणार नाहीत. गल्लीला पसंत पडेल त्यालाच. आणि गल्लीला सुट्टीवाले नकोत. दहा महिने दाराला कुलूप, खिडकीत दिवा नाही. बंद घर म्हणजे चोराला आवतण, असं यांचं म्हणणं. आधीची दोन गिऱ्हाइकं याच कारणाने परत गेली. म्हणजे आम्ही यांना तपासायला आलो, तर हेच आम्हाला तपासणार. चोराच्या उलट्या बोंबा.

हिचा चेहरा उतरला. मी म्हटलं, काळजी करू नकोस, मी आहे ना. त्यावर ती उठून चहा ठेवायला गेली. पटलं असावं.

४ सप्टेंबर, सकाळ
पद्धत ठरली. आकडेवारीवर माझा विश्वास नाही. ट्रान्सपोर्ट कंपनीच्या हरवले-सापडले विभागात माझी हयात गेली, निवृत्त झालो तो विभागप्रमुख म्हणून. बसमध्ये लोक काय काय विसरतात ते मी पाहिलंय. छत्र्या, जेवणाचे डबे, एकदा कवळी, एकदा सासरे. एवढ्या अनुभवातून माझा एक सिद्धांत बनला आहे: प्रामाणिक माणूस म्हणजे ज्याला अजून संधी मिळाली नाही तो. तर गल्लीला संधी द्यायची. वस्तू ठेवायची, निघून यायचं, काय होतं ते बघायचं. फील्ड टेस्ट.

छत्री चौकातल्या बाकावर ठेवून आलो.

त्याच दिवशी, जेवणाआधी
छत्री परत. चौकातली बेकरीवाली स्वतः घेऊन आली, पिठाच्या हातांनी. छत्रीवर पाच बोटं उमटली आहेत. ती हसली. मी हसलो नाही.

छत्री जुनी होती हे खरं कारण. चोरालाही अभिरुची असते.

५ सप्टेंबर
आज पाकीट. नवं, चामड्याचं. आत पैसे ठेवले नाहीत, मी काही वेडा नाही. इथला पत्ता लिहिलेली चिठ्ठी तेवढी ठेवली.

पाकीट आलं. आत एक नोट. कुणीतरी स्वतःच्या खिशातली घातली आहे. हिला दाखवलं तर हिचे डोळे भरून आले. बायकांना यातला डाव कळत नाही. आधी विश्वास संपादन करायचा, गिऱ्हाईक घर घेऊन बसलं की मग एकदम हात मारायचा. ही टोळी लांबचा विचार करणारी दिसते.

नोट कुणाला परत करायची ते समजत नाही. तूर्त माझ्याकडेच आहे.

६ सप्टेंबर
टेस्टची पातळी वाढवली. एक बूट चौकातल्या पायरीवर ठेवला आणि एका पायात मोजा घालून घरी आलो. नैसर्गिक वाटावं म्हणून मध्ये एकदा थांबून आकाशाकडे पाहिलं.

बूट पोस्टवाल्या बाईने आणला. नुसता आणला नाही. मला खुर्चीत बसवलं, गुडघ्यावर बसून पायात चढवला आणि नाडीची दुहेरी गाठ मारली, पोरांना मारतात तशी. ती अजून सुटलेली नाही. बूट घालूनच झोपणार का असं हिने विचारलं. म्हटलं, हो.

८ सप्टेंबर
लक्ष ठेवलं जातंय. आता शंका नाही.

समोरच्या घराशेजारच्या गॅलरीत एक टोपीवाला म्हातारा असतो. मी दाराबाहेर पाऊल टाकलं की उठून उभा राहतो. मी कोपऱ्यावर वळलो की शिट्टी वाजवतो. शिट्टी वाजली की बेकरीवाली बाहेर येऊन झाडायला लागते. झाडलेलीच जागा झाडते. चौकाच्या पुढे गेलो तर पोस्टवाली सायकल हातात धरून मागून चालते. माणूस बदलतो, नजर तीच. याला आमच्याकडे पाळत म्हणतात.

हिला सांगितलं. ही मालकीणबाईंकडे शेंगा सोलायला निघाली होती. म्हणाली, साप साप म्हणून भुई धोपटू नका. म्हणाली, टेस्ट आता पुरे झाल्या. मी म्हटलं, विज्ञान असं मध्येच सोडता येत नाही.

हल्ली रोज तिकडेच असते. दोघी खिडकीत बसून हसतात. मी कामात असल्यामुळे मला वेळ नाही.

ता. क. संध्याकाळी कुणीतरी माझं जाकीट आणून दिलं. कुठल्या टेस्टमधलं ते टिपायचं राहिलं. कामाचा व्याप.

९ सप्टेंबर
किल्ली टेस्ट. दाराला बाहेरून किल्ली लावून तशीच ठेवली आणि फिरायला गेलो. परत येतो तर दार नीट बंद, आणि किल्ली बेकरीवालीकडे. तिने तिला रिबीन बांधली होती. माझ्या गळ्यात घातली आणि गालावर हलकी चापट मारली. चौकातल्या चार जणांनी माना डोलावल्या.

हा बहुधा इथला सत्काराचा प्रकार असावा. पाहुण्याला चावी देतात असं वाचल्यासारखं वाटतं. गळ्यातून काढली नाही. उगाच कुणाच्या भावना का दुखवा.

१० सप्टेंबर
पोलीस चौकीत जाऊन आलो. गल्लीतले गुन्हे किती, असा प्रश्न हातवारे करून विचारला. आधी दार फोडायचा अभिनय केला, मग पोतं पाठीवर टाकून पळून दाखवलं. पोलिसाने मला खुर्ची दिली. पाणी दिलं. माझं नाव, पत्ता काहीएक न विचारता कुठेतरी फोन केला, गाडी काढली आणि मला बरोबर दारात आणून सोडलं. रस्ता ओलांडताना हात धरला होता.

मुद्दा असा, की त्याला माझा पत्ता माहीत होता. पोलीस आणि टोळी यांचं साटंलोटं आहे, याहून वेगळा पुरावा काय हवा?

हिने पोलिसाला कॉफी दिली. दोघं दारात बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. मी खिडकीतून ऐकलं, पण भाषा त्यांची होती.

१२ सप्टेंबर
गल्लीची बैठक उद्या संध्याकाळी आहे. आमचं काय करायचं ते ठरणार. हिला झोप लागत नाही. म्हणाली, हे घर गेलं तर दुसरं बघायचं बळ नाही माझ्यात. तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, मी त्यांच्यासमोर प्रभावी भाषण करतो. ती दचकून म्हणाली, नको, तुम्ही फक्त या आणि बसा. माझ्या वक्तृत्वाने बाकीचे खुजे दिसतील, अशी तिला भीती वाटत असणार.

तरी बैठकीपूर्वी एक शेवटची टेस्ट हवी. मोठी.

१३ सप्टेंबर, दुपार
झाली. या वेळी आमिष मीच. चौकाच्या मधोमध नकाशा उलटा धरून उभा राहिलो. चेहऱ्यावर हरवल्याचा भाव. एकटा, म्हातारा, परदेशी, खिशात ती नोट. लुटायला याहून सोपं गिऱ्हाईक चोराने स्वप्नातही पाहिलं नसेल.

शिट्टी वाजली. एकदा नाही, लागोपाठ. बेकरीचं शटर खाली आलं. पोस्टवालीने सायकल आडवी टाकून येणारी मोटार थांबवली. टोपीवाला घरातल्या चपलांनीच धावत आला, मी त्याला प्रथमच जमिनीवर पाहिलं. नकाशा कुणी काढून घेतला, कुणी खांद्यावर शाल टाकली. मग सगळ्यांनी मिळून मला मिरवत घरी आणलं. पुढे सायकल, मध्ये मी. लोक खिडक्यांत आले होते. मी हात हलवला. त्यांनीही हलवला.

मान्य करतो, बरं वाटलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत निरोप समारंभालाही माझ्यासाठी इतके लोक आले नव्हते.

१४ सप्टेंबर
घर आमचं. बैठकीत सगळ्यांचे हात वर. मालकीणबाईंनी माझे दोन्ही गाल धरले. शेवटी माणसाची छाप पडते ती पडतेच, भाषा येवो न येवो.

मीही माझा निकाल जाहीर केला: टोळी आहे, पण आपल्या बाजूची आहे. मेव्हण्याला फोन केला. गेट कसं आहे, विचारलं. त्याने फोन ठेवला.

१५ सप्टेंबर
आज भांडण. कारण साधं. कागदपत्रांत ‘वर्षभर वास्तव्य’ असं लिहिलं आहे, ते कशासाठी, एवढंच मी विचारलं. आपण तर सुट्टीपुरते येणार. ही बटाटे सोलत होती. वर न बघता म्हणाली, अहो, घर सुट्टीवाल्यांना मिळालेलंच नाही.

मग सगळं बाहेर आलं. पाकीट परत आलं त्याच दिवशी बेकरीवालीने हिला बाजूला घेऊन विचारलं होतं, यांना हे असं कधीपासून होतंय? हिला आधी कळेचना. मग कळलं. म्हणे, मी हो म्हटलं नाही, पण नाहीसुद्धा म्हटलं नाही. तेव्हापासून गल्लीने माझ्या पाळ्या लावून घेतल्या. सकाळी टोपीवाला, दुपारी पोस्टवाली. पोलिसाला कळवून ठेवलं. बैठकीत बेकरीवाली म्हणाली, की अशा माणसाला सारखं इकडून तिकडे नेऊ नये, त्याला एका जागी राहू द्यावं. वर्षभर राहणार असतील तर घर यांनाच द्या. मग हात वर झाले.

म्हणजे छाप वगैरे काही नाही. हात दाखवून अवलक्षण.

मी आवाज चढवला. म्हटलं, उद्या सह्यांच्या वेळी सगळ्यांना सांगतो. त्या टेस्ट होत्या, माझं डोकं ठणठणीत आहे. ही म्हणाली, सांगा. घर जाईल, पण सांगा. मग सुरी खाली ठेवली. म्हणाली, गेल्या हिवाळ्यात गॅस दोनदा उघडा राहिला. मी म्हटलं, एकदा. म्हणाली, दोनदा, पहिल्या वेळचं तुम्हाला आठवत नाही. म्हणाली, पोरगी लांब, आपल्या मजल्यावर शेजारी कोण राहतं तेसुद्धा मला ठाऊक नाही. तुम्ही एक दिवस बाहेर पडलात आणि आलाच नाहीत, तर मी कुणाचं दार वाजवायचं? तुम्ही इथे छत्र्या ठेवून बघत होतात. मी तुम्हाला ठेवून बघत होते.

यावर माझ्याकडे उत्तर होतं. चांगलं होतं. आत्ता लिहायला बसलो तर नेमके शब्द जुळत नाहीत.

राग आला. वाईट त्याहून जास्त वाटलं. बटाट्याची भाजी नीट जेवलो नाही. तिनेही नाही.

१६ सप्टेंबर
सकाळी निवेदन तयार केलं. मोबाइलवरून भाषांतर करून, मोठ्या अक्षरात कागदावर उतरवलं. मी निरोगी आहे. वस्तू मी मुद्दाम ठेवत होतो. आपला गैरसमज झाला आहे. घराचं काय ते आपण ठरवा. सत्य ते सत्य. माझा निर्धार पक्का होता.

दुपारी मालकीणबाईंच्या बैठकीच्या खोलीत सगळे जमले. एजंटने कागद मांडले. हिने पेन हातात घेतलं तेव्हा मी उभा राहिलो. सगळे माझ्याकडे वळले. ही माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होती. पेन तसंच धरलेलं.

खिशातून कागद काढला. चष्मा काढायला गेलो तर नव्हता. दुसऱ्या खिशात नव्हता. कपाळावर चाचपलं, तिथेही नव्हता. कागद लांब धरून पाहिला. नुसत्या मुंग्या.

टोपीवाला उठला आणि बाहेर गेला. पायऱ्यांवरून त्याचे पाय वाजले. कुणी हसलं नाही, कुणी घड्याळाकडेही पाहिलं नाही. तो आला तो माझा चष्मा घेऊन. बेकरीच्या काउंटरवर होता, असं ही हळूच म्हणाली, सकाळपासून. त्याने आपल्या सदऱ्याच्या टोकाने काचा पुसल्या आणि काड्या उघडून माझ्या कानांवर नीट बसवला.

सगळं स्वच्छ दिसायला लागलं. कागद, अक्षरं, हिचा चेहरा. हिचा चेहरा जरा जास्तच स्वच्छ दिसला. कागद घडी करून खिशात ठेवला. इथल्या भाषेतला मला येणारा एकच शब्द आहे, धन्यवाद, तो म्हटला आणि खाली बसलो. हिने सही केली. मग माझी झाली.

आता खोलीवर आलो आहे. ही स्टूल घेऊन समोरच्या घरात गेली, स्वयंपाकघराच्या खिडकीशी लावायला. मी ही रोजनिशी पहिल्या पानापासून दोनदा चाळली. छत्री आहे, पाकीट आहे, बूट आहे, किल्ली आहे.

चष्म्याची टेस्ट मी केलेलीच नाही.