आईच्या नखाला लागलेली चीर

फोरबर्ग, शनिवार, ७ ऑक्टोबर २००६

आज आईवर ओरडलो. नेमबाजीच्या क्लबातून लष्करी रायफलच्या वापरलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या आणल्या होत्या, घरी दारू आणि गोळी घालून पुन्हा भरायला. चांगल्या निवडून ठेवल्या आणि सायकलवरून दूध आणायला गेलो. परत येतो तर तीन महिन्यांसाठी पुण्याहून आलेली आई सिंकपाशी उभी, देवाच्या भांड्यांसारख्या त्या चिंचेने घासतेय! "अगं, हात कशाला लावलास?" केवढ्याने ओरडलो मी.

ती एवढंच म्हणाली, "काळवंडल्या होत्या रे. आणि ही बाजूला काढलीय. बुडाशी चीर आहे, नखाला लागते."

मी नख फिरवलं. लागलं. केसाएवढी चीर. मीच, चष्मा लावून, दिव्याखाली बघून, चांगल्यांत टाकलेली पुंगळी. भरून उडवली असती तर तिथेच फाटली असती, माझ्या गालापासून वीतभर अंतरावर.

बंदूक तिला मुळीच आवडत नाही. माफी मागायचं अजून जमलेलं नाही. जेवताना नुसता तिच्या नखांकडे बघत बसलो. आत्ता हे लिहितोय तर खालून हाक आली, "उरलेल्या कुठे ठेवल्यास? आण इकडे सगळ्या, नख फिरवून बघते."

चाललो घेऊन.