ताहितीच्या दोघी डिंडोलीत

सोम., २० जाने.
शेठच्या सूनबाई पॅरिसहून एक चित्र घेऊन आल्या. छापील, पण कॅनव्हासवर. शेठनी माझ्या डिझाइनच्या कॉम्प्युटरला टेकवून ठेवलं. "बेन, आ लाल कापडनी साडी बनावो."
वाळूत बसलेल्या दोन बायका, ताहिती नावाच्या बेटावरच्या. काढणारा फ्रेंच, शंभराहून जास्त वर्षं झाली. नाव सूनबाईंनी पुन्हा पुन्हा सांगितलं, मला एकदाही धरता आलं नाही. डावीकडचीच्या कमरेला लाल कापड, त्यावर मोठाली पांढरी फुलं. उधन्यात आमच्या साडीच्या मिलमध्ये रोज छापतो तसलंच. यासाठी पॅरिस?

बुध., २२ जाने.
लाल जुळेना. फोटोत भगवं येतं, स्क्रीनवर विटकरी. शेठ म्हणाले, घरी ने, उन्हात बघ. रिक्षात मांडीवर धरून डिंडोलीला आणलं. शेजारची बाई वाकून वाकून बघत होती. "डांगनी छे?" डांगच्या आदिवासी बायका वाटल्या तिला. हो म्हटलं. कोण समजावणार.
हॉलमध्ये टीव्हीच्या वर अडकवलं. हे म्हणाले, "कोणाकडचे पाहुणे?" सासूबाई नाक लावून बघत राहिल्या. "भांडेल शेतस का व ह्या? बोलतीस नही."
खरंच की! मांडीला मांडी लावून बसल्यात, आणि एक खाली बघते, दुसरी भलतीकडे. अगदी मी आणि वैशाली.

शुक्र., २४ जाने.
वै. म्हणजे माझी धाकटी जाऊ. वरच्या मजल्यावर राहते, जिना एकच. दिवाळीनंतर तिच्या भावाच्या लग्नात, नंदुरबारला, चार बायकांत म्हणाली की ताईंचं भरीत हॉटेलातून येतं. माझं भरीत! गॅसवर का होईना, वांगी मी स्वतः भाजते. तेव्हापासून बोलणं बंद. निरोप सासूबाईंमार्फत, वर-खाली. त्यांचे गुडघे यातच गेले.
आज दही न्यायला खाली आली ती चित्रासमोर थांबलीच. दह्याची वाटी हातात. मग सासूबाईंना म्हणाली, "आई, ह्या भांडलेल्या नाहीत. दमलेल्या आहेत."
दमलेल्या म्हणे! गुलाबी झगेवाली कसलीशी पात वळत बसलीय, तीही अर्धवट. डोळे बघा तिचे. दमलेले डोळे असे असतात? ते 'मला सगळं कळतं'वाले डोळे आहेत.
हे मीही सासूबाईंनाच सांगितलं. वर ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

रवि., २६ जाने.
हळदीकुंकू. दोघींचं मिळून असतं, त्यामुळे वै. खाली. एकीकडून ती हळद लावणार, दुसरीकडून मी कुंकू. मधली बाई बिचारी मान इकडे करू की तिकडे.
तिळगूळ बाजूला, सगळ्या चित्राला चिकटल्या. "गुलाबीवाली नर्स आहे का?" "नवऱ्यांची वाट बघत असतील." "वाळूत बसल्यात, उठताना कंबर धरणार."
मी म्हटलं, अगं समुद्र बघा. काळपट हिरवा, त्यावर पांढरी रेघ, साडीला काठ लावावा तसा लावलाय. आणि वाळू हळदीसारखी पिवळी, तरी खोटी वाटत नाही. कोणी ऐकलं नाही. वै.नं ऐकलं. मी बोट केलं तिकडे तिनं पाहिलं.
तेवढ्यात सासूबाई कुंकवाचा करंडा घेऊन टीव्हीपाशी. मी आणि वै. एकदमच ओरडलो, "आई!" उशीर झाला होता. चित्रातल्या दोघींच्या कपाळाला बोटभर कुंकू.
"घरमा उन्यात, मंग कुकू लावानं नही का?"
काच नाही त्याला. नुसता कॅनव्हास.

सोम., २७ जाने.
कामावर खाडा. ओल्या फडक्यानं पुसलं तर पसरलं. गुलाबीवाली ताप चढल्यासारखी दिसायला लागली. वै. वरून कणकेचा घट्ट गोळा घेऊन आली, टिपून काढायला. मला अर्धा तोडून दिला. एकीचं कपाळ तिच्याकडे, एकीचं माझ्याकडे. 
एवढ्या जवळून कधी बघितलंच नव्हतं. डावीकडचीनं एक हात वाळूत रोवलाय, सगळा भार त्याच्यावर. मुंग्या आल्या असणार. चेहऱ्यावर मात्र काही नाही, राग नाही की काही नाही. नुसती बसलीय.
वै. म्हणाली, "हात बदल ना बाई."
चित्राला की मला, कळलं नाही. मी "हं" म्हटलं.

गुरु., ३० जाने.
चित्र परत. थोडी लाली राहिलीच.  सूनबाईंची वस्तू, काय सांगू? सूनबाई चष्मा लावून जवळ गेल्या. मी सगळं ओकून टाकलं, सासूबाईंसकट. सूनबाईंनी चष्मा काढला. मग हसत हसत खुर्चीतच बसल्या.
शेठ गंभीर. "तो आ बेय हवे आपणा घरनी थई गई." घरच्याच झाल्या म्हणे दोघी. मग एकदम चित्रातल्या कपाळावर बोट ठेवून ओरडले, "बेन, आ ज लाल!"
कुंकवाचं. मी म्हटलं, हे चित्रातलं लाल नाही. ते जरा तपकिरीकडे झुकतं, उन्हात बसून बसून मुरलेलं. तेच चांगलं आहे. शेठ म्हणे, "पॅरिसवाळा क्यां पूछवा आववाना छे?"
छापलं तेच. मला अजून पटलेलं नाही.

शनि., ८ फेब्रु.
नमुन्याच्या दोन साड्या मिळाल्या. एक ठेवली, दुसरी सासूबाईंच्या हाती वर पाठवली. त्या जिन्यात थांबल्या. "काय सांगू तिले?"
"काही नका सांगू."
टीव्ही बघताना डोळे आपोआप वर जातात. खिळाच आहे तिथे. हे म्हणाले, "पाहुण्या गेल्या वाटतं." यांनाही चुकल्यासारखं होतंय. कबूल करणार नाहीत.

सोम., १० फेब्रु.
कामावरून आले तर साडी माझ्या पलंगावर. परत! डोकंच सणकलं. उचलून उलगडली तर खाली फॉल लावलेला, पदराला बीडिंग, वर इस्त्री. वै. गल्लीभरच्या साड्यांना फॉल-बीडिंग करून देते, पण एवढा बारीक टाका कोणाला घालत नसेल. फॉलचा लाल इतका नेमका जुळलाय की मलाही दुकानात सापडला नसता.
म्हणजे काय समजायचं? तुमची साडी मला नको, असं? की तिला वाटलं, मी काम म्हणून पाठवली? की…
सासूबाईंना विचारलं. "माले काय मालूम. तुमनं तुम्ही देखा." आणि गुडघ्यांना तेल चोळत बसल्या.
साडी घेऊन जिन्यापाशी गेले. वर तिचं मशीन चालू होतं. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तसं ते थांबलं.