शिळं पाणी

मंगळवार, संध्याकाळ

माझं डोकं चालेना झालंय. शिरूरहून शोभेचे लाल मासे आणले तेव्हा दुकानदारानं बजावलं होतं, काचेच्या टाकीतलं पाणी आधी मुरू द्या आणि सगळं एकदम कधीच बदलू नका. मी तसंच केलं. आज कामावरून येते तर सासूबाईंनी टाकी उपसून, राखेनं घासून नव्यानं भरलेली!

वर मलाच म्हणाल्या, "मुक्या जिवाला शिळं पानी ठिवतीस व्हय गं?"

घरातले हंडे रोज सकाळी मीच रिकामे करते. शिळं पाणी आपण पीत नाही, मग माशांनी का प्यावं? पण ताज्या पाण्यात ते वर येऊन नुसते तोंड वासत होते. मला रडू फुटलं, तशा सासूबाईच घाबरल्या. त्यांनी मासे तांब्यात घेऊन गोठ्यातल्या हौदात सोडले. हौद शेवाळानं हिरवागार. तिथं मासे निवांत फिरायला लागले.

"आत्या, हे पाणी शिळं न्हाई?" मी सासूबाईंना विचारलं.

"हौदाचं पानी कवा शिळं आस्तं का?"

म्हणजे नक्की शिळं कशाला म्हणायचं?

धारेआधी म्हैस पाण्यावर आली. आत लाल काहीतरी हलताना बघून तशीच उभी राहिली. पिईना, हलेना. मीही शेजारी तशीच उभी.