मोज्यातले खडे कुणी धुतले?

चिमे,

मी घड्याळवाल्या काकांकडे निघालोय. त्यांच्या टाकीतले मूठभर जुने, बुळबुळीत खडे मागून आणतो. तोवर माशांना खायला घालू नकोस. काचेशी येऊन कितीही तोंडं वासली तरी विरघळू नकोस.

नवे खडे घालताना आपण जुने मोज्यात भरून टाकीतच लटकवले होते ना? त्यांच्यावरची बुळबुळ म्हणजे मळ नव्हे. माशांची घाण पचवणारे जिवाणू तिथे राहतात. नव्या खड्यांवर त्यांचं बिऱ्हाड बसेपर्यंत मोजा काढायचा नसतो.

आज सकाळी मोजा जागच्या जागी होता, पण आतले खडे लख्ख, आणि त्यांना साबणाचा वास. जिवाणू बहुतेक गेले. पाणी बिघडलं तर मासेही जातील. म्हणून मोजा काढून टाकलाय आणि साठवलेल्या पाण्याने अर्धी टाकी बदललीय.

तुझी आई म्हणते, "त्या मोज्याला मी चिमट्यानेही शिवणार नाही." ते पटतं. तुझ्या बाबांना मी विचारलं नाही. पण एरवी टाकीकडे ढुंकूनही न पाहणारा माणूस आज दोनदा म्हणाला, "मासे बरे आहेत ना?" आणि मोज्याची गाठ काही माझी नव्हती.

तू जाब विचारू नकोस. मदत करायलाच गेले असतील. जेवताना त्यांना जिवाणूंची गोष्ट सांग, मैत्रिणींना सांगतेस तशी. मी शिकवायला लागलो की ते ताटावरून उठतात. तुझं ऐकतील.

आजोबा