अंगठ्याचे ठसे

आई, तुमचा फोन घरीच राहिलाय, म्हणून अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत हे लिहितेय. बाबा स्वयंपाकघरात कोसळले. उजवी बाजू हलत नाहीये. शेजारचे काका गाडी घेऊन थांबलेत, त्यांच्याबरोबर लगेच दवाखान्यात या.

तुम्ही फिरायला गेल्यावर त्यांनी व्हॅलेंटाइनची बिस्किटं करायला घेतली होती. "म्हातारीला वाटतंय मी यंदा विसरलो. वाटू दे," म्हणाले. त्यानंतर काही बोललेले नाहीत.

ओव्हन बंद केलाय, आतली सगळी करपली. दुसरा ट्रे कच्चाच आहे. जॅमसाठी त्यांनी प्रत्येक बिस्किटात अंगठा दाबून खळगा केलाय. तो ट्रे फ्रिजमध्ये ठेवलाय. कोणालाही भाजू देऊ नका. भाजल्यावर पीठ पसरतं, ठसे राहत नाहीत.