पाळीचं कुठेच लिहिलं नाही

बाबा, तुमचा कागद बदलून आला. मागच्या आठवड्यात मी शिकवते त्या शाळेच्या पत्त्यावर जाड लिफाफा आला आणि मुख्याध्यापकांनी तो सगळ्यांदेखत माझ्या हातात दिला. पलटणीतून तुमचं नाव कापलं तेव्हा मिळालेल्या कागदावर लाल शाईने 'चारित्र्य खराब' असं लिहिलेलं होतं. नव्या कागदावर 'चारित्र्य चांगले' असं टाइप केलेलं आहे. तुम्ही असता तर आधी कागद उलटून पाहिला असता, मागेही काही लिहिलंय का म्हणून. मीही पाहिला. मागे काही नाही.

तुमचा पहिला अर्ज गेला तेव्हा आपण मध्य प्रांतात होतो, मग मध्य प्रदेशात, मग मुंबई राज्यात, आणि आता महाराष्ट्रात. आपलं गाव, आपला तलाव, आपल्या धानशेतीच्या बांध्या जागच्या हलल्या नाहीत. तुम्ही तेवढे मधल्या मध्ये गेलात. लोक मला म्हणतात, बाई, शेवटी न्याय झाला. मी मान हलवते. न्याय कसा झाला ते तुम्हाला तरी सांगायला हवं, म्हणून लिहायला बसले आहे.

स्वातंत्र्य मिळालं त्या पावसाळ्यात तुम्ही सुट्टीवर आला होता. ब्रह्मदेशाच्या लढाईतून धड परत आलेला माणूस म्हणून गावात तुमचा मान होता. सुट्टी संपत आली आणि तलावाची पाळ फुटली, मातीच्या बांधाला भगदाड पडलं. पाऊस गेल्यावर आपल्या धानाला त्याच तलावाचं पाणी, ते वाहून गेलं असतं तर गावभर नुसता पेंढा उरला असता. नियम जुना होता: ज्याच्या बांधीला तलावाचं पाणी, त्या घरचा एक गडी पाळीवर. ज्या घरचा गडी नाही, त्या घराला पाणी सगळ्यांच्या शेवटी, उरलं तर. आजोबा वारले होते, घरात पुरुष तुम्ही एकटे. माय म्हणाली, मी जाते. तलावाचं पाणी वाटणारे पाणकर काका आपल्या दारात उभे राहून म्हणाले, "तू टोपले उचल बाई, नाही नाही म्हनत. पन गडी म्हनून नाही मोजत तुले." तुम्ही वर्दी खुंटीला टांगली आणि गुडघाभर चिखलात उतरलात. शाळेवर झेंडा लागला त्या दिवशी आम्हा मुलांना गूळ-चणे मिळाले होते. मी माझ्यातले थोडे पदरात बांधून पाळीवर आणले. तुमचे हात मातीने भरलेले, म्हणून मी ते तुमच्या तोंडात घातले. अजून तुमच्या मिशीला लागलेला चिखल दिसतो मला.

पाळ बांधून झाली आणि तुम्ही स्वतःहून परत गेलात. कुणी धरून नेलं नाही. पंजाबात सगळीकडे कापाकापी चाललेली, पलटणीला माणूस हवा होता, आणि तुमची सुट्टी केव्हाच संपलेली. कोठडी झाली, मग नाव कापलं. हिवाळ्यात तुम्ही घरी आलात ते तुमची ट्रंक डोक्यावर घेऊन. माजी सैनिकांना रेल्वेत, जंगल खात्यात घेत होते. तुमचा कागद पाहिला की लाल शाईवर बोट ठेवत आणि पुढच्या माणसाला हाक मारत.

पुढच्या वर्षी तुम्ही मला अर्ज लिहायला बसवलं. मी सातवीत होते. गोंदियाहून तुम्ही माझ्यासाठी जांभळी पेन्सिल आणली होती, जिभेला लावून लिहायची ती. माझी जीभ जांभळी झालेली पाहून माय चुलीपाशी बसल्या बसल्या हसत होती. मी पुस्तकात वाचलेलं एक वाक्य ऐटीत लिहिलं: 'मी सर्वस्वी निर्दोष आहे.' तुम्ही वाचायला लावलंत आणि रागावलात. "खोड ते. सुट्टी संपली होती न? मंग दोष हाय माह्या. भगोडा नाही मी, पळून नाही गेलो, येवढंच लिही. पाळीवर होतो, गाव साक्षी हाय, येवढंच." तुम्ही माझ्याशी इतक्या कडक आवाजात कधी बोलला नव्हता. मी खोडलं. ते एकच वाक्य खोडलेलं होतं, बाकी अर्ज स्वच्छ होता. आणि प्रत्येक अक्षर खरं होतं.

अर्जाचं तुम्ही गावात कुणाला सांगितलं नाही. कागद बदलून आला की दाखवू, म्हणालात. तो तुमचा स्वाभिमान होता. मला आज त्याचा राग येतो. कारण चौकशीला पोलीस शिपाई आला, त्या दिवशी तुम्ही अर्जुनीच्या बाजाराला गेलेले, मी शाळेत, आणि गावाला वाटलं, आला आपला माणूस धरायला. पुढचं मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं आहे की मी तिथे होते असंच वाटतं. शिपाई चावडीसमोर खाटेवर बसलेला आहे, गाव भोवती उभं आहे, आणि तो विचारतो आहे, "तुमचा तो फौजी, मागच्या बरसातमध्ये गावात होता का?"

"कोन, तो?" पाणकर काका म्हणतात. "नाही जी. तो त पलटणीत होता. आमी त त्याचं तोंड नाही पाह्यलं."

"पाळ फुटली तेव्हा?"

"पाळ आमी बांधली जी. तो कायले येते? फौजी मानूस चिखलात हात घालते का?"

यावर सगळे हसले म्हणे. शिपाईही हसला. मग त्याने मायला विचारलं. तिने पदर पुढे ओढला आणि म्हणाली, "नाही आले जी. चिठ्ठी पन नाही आली."

दिवस मावळायच्या आत तुम्ही पिशवी घेऊन परत आलात. तोवर मीही शाळेतून आले होते. पाणकर काकांनी तुम्हाला चावडीवरच अडवलं. "ये गा भगोड्या, बस. वाचवलं तुले आज. अख्खं गाव एका तोंडानं बोललं, एकाची जीभ घसरली नाही." काय विचारलं, काय सांगितलं, ते सगळं त्यांनी नक्कल करून दाखवलं. मी तुमच्या शेजारी उभी होते. तुम्ही पिशवी खाली ठेवली, पुन्हा उचलली, आणि म्हणालात, "बरं केलं काका."

घरी माय भात वाढता वाढता सांगत होती, "मीबी नाही घाबरली." मला राहवलं नाही. मी म्हणाले, माय, तो धरायला नव्हता आला, आपल्याच अर्जावर आला होता. तिला अर्ज माहीत होता. पण अर्ज पलटणीत जातो आणि पोलीस माणूस न्यायला येतो, एवढंच तिला ठाऊक. तिचा हात वाढता वाढता थांबला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "सांगू नको कोनाले."

"काऊन?" मी कारण विचारलं.

"काऊन म्हंजे? आपल्यासाठी खोटं बोलले ते. त्याहिले खोटे म्हनू आता?"

उत्तर आलं ते दोन ओळींचं: चौकशीअंती अर्जदाराचे कथन खोटे आढळले. आधी भगोडा होतात, आता खोटारडेही झालात. गावाला मात्र त्या दिवसाचा अभिमान होता. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी ओरडायचं, "आमच्या भगोड्याले वाढा न अजून!" आणि तुम्ही पान पुढे करायचात. त्यात वाईट हेतू नव्हता हे मला कळतं. तेच जास्त लागतं. शिवी असती तर भांडता आलं असतं. मायने त्यानंतर त्या दिवसाचं नाव काढलं नाही, पण पंगतीत तो शब्द आला की ती उठून मागे जायची. तुम्ही गोंदियाच्या भाताच्या गिरणीत पोती उचलत राहिलात आणि तिथेच तापाने गेलात. पाणकर काका तिरडीला खांदा द्यायला सगळ्यांत पुढे होते.

मी शिकले, आपल्याकडच्याच गोरेगावला मास्तरीण झाले; गावची पोरं तिथेच शिकायला येतात. दोन वर्षांपूर्वी कळलं की जुनी प्रकरणं पुन्हा तपासतात, गावातल्या कुणाचं शपथेवरचं म्हणणं हवं. मी पाणकर काकांकडे गेले. डोळ्यांनी अधू झाले आहेत. मी सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. तुमची आज्ञा मोडली. ते तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे मी पोलिसापाशी खोटं बोललो, असं लिहून देऊ? या वयात? तो त गेला पोरी. गेलेल्याले कायचा डाग?" मी उठले तर हात धरून म्हणाले, "दुसरं काही सांग न. बिमार होता म्हनतो. पायजे त तलावाची शपथ घेतो."

गोंदियाच्या कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसणाऱ्या अर्ज लिहिणाऱ्याला मी सगळे कागद दाखवले. भला माणूस. चष्मा पुसत म्हणाला, "बहनजी, रास्ता तर आहे. पोलीस म्हणतात, गावात नव्हते. ठीक आहे, नव्हते. गोंदियात नातेवाइकाकडे बीमार पडले होते. सगळं जुळून जातं." मी म्हणाले, पण आधीच्या अर्जात पाळीचं लिहिलेलं आहे. त्याने तुमच्या अर्जाची नक्कल उजेडात धरली. "हे तर बच्चीचं अक्षर आहे. तेच लिहू. पहिला अर्ज एका नासमज मुलीने लिहिला, तिने चुकीचा मजकूर घातला." ती मुलगी कोण, हे त्याने विचारलं नाही. एका म्हाताऱ्या कंपाउंडरने आजाराचा दाखला दिला. पाणकर काकांनी आनंदाने अंगठा दिला. खाली मी सही केली, चांगल्या फाउंटन पेनने.

आणि हे लगेच पटलं सगळ्यांना. तुमच्या खऱ्या अर्जाला दोन ओळी मिळाल्या होत्या, या अर्जाला आदराने लिहिलेलं अख्खं पान आलं: शिपाई दीर्घ आजारामुळे वेळेवर हजर होऊ शकला नाही, सबब शेरा बदलण्यात येत आहे. पाळ त्यात नाही, चिखल नाही, गाव नाही. तुम्हाला कधीही न आलेल्या आजारासाठी तुम्हाला माफ केलं आहे. जे तुम्ही खरोखर केलंत ते आता कुठल्याच कागदावर नाही, आणि शेवटचं होतं तिथून, माझ्याच अक्षरातल्या तुमच्या अर्जातून, ते मी चुकीचं ठरवून काढलं.

रविवारी गावी जाऊन कागद मायच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला, शिक्क्यावरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नाही. मग माझ्याकडे न पाहता विचारलं, "पाळीचं लिवलं का त्यात? तुह्या बाबानं पाळ बांधली म्हनून?"

मी म्हणाले, "लिहिलं आहे."

"बरं केलं," ती म्हणाली, आणि कागद तुमच्या ट्रंकेत, वर्दीच्या घडीत ठेवला.

हे पत्रही तिथेच ठेवावं, असं मनात होतं. पण ठेवता येत नाही. माय कधीतरी ट्रंक उघडेल आणि शेजारच्या पोरांना वाचायला देईल. ती पोरं आता वाचतात. माझ्याच शाळेत शिकली आहेत.