माजी कप्तानाचा दम

८ सप्टेंबर, सकाळ

डोकं गरम आहे. चंदाने मला न विचारता माझं नाव ग्रुपमध्ये टाकलं. नवऱ्याला न विचारता स्वतःचंही टाकलं. भंडाऱ्याहून मेघा मॅडम म्हणून एक बी.पी.एड. झालेली पोरगी येते आणि शाळेच्या ग्राउंडवर 'हाय इंटेन्सिटी ग्रुप ट्रेनिंग' घेते. थोडा वेळ जीव तोडून पळा, जरा थांबा, परत जीव तोडा. हे आंधळगावच्या कबड्डी संघाच्या कप्तानाला शिकवणार! माजी असलो म्हणून काय झालं?

आधी एका मशीनवर अनवाणी उभं केलं. चरबी किती, स्नायू किती, सगळं सांगते म्हणे. शरीराचं वयही सांगते. मला एकोणसाठ सांगितलं. मी सत्तेचाळीसचा आहे. जमीन उंचसखल आहे, असं मी स्पष्ट बजावलं. मॅडमने मशीन उचलून व्हरांड्यातल्या फरशीवर ठेवलं. परत उभा राहिलो. साठ.

मशीन फारच खराब आहे.

तरी जाणार. कारण वेगळं आहे. दिवाळीनंतर शेजारच्या करडी गावात मंडई, म्हणजे जत्रा भरते आणि तिथे पोक्त लोकांचा कबड्डी सामना असतो. करडीचा कप्तान सेवकराम मागच्या वर्षी माइकवर म्हणाला होता की आंधळगावचा संघ आता फक्त जेवाले येऊन राहिला. भर मंडईत! यंदा मी स्वतः उतरणार.

१० सप्टेंबर

पहिला दिवस. बर्पी नावाचा प्रकार. नाव विलायती, काम म्हणजे साष्टांग नमस्कार घालायचा, ताडकन उठायचं आणि उडी मारायची. देव समोर नाही.

मी इतक्या इंटेन्सिटीने केलं की लवकर संपलं. मग कडुनिंबाखाली आडवा पडून इतरांचं निरीक्षण केलं. चंदा शेवटपर्यंत हळूहळू करत होती. घरी सांगितलं की याला इंटेन्सिटी म्हणत नाहीत. ती म्हणाली, मॅडम म्हणते आपापल्या दमानं करा. मॅडमने मला काका म्हटलं. तेही सगळ्यांसमोर. ग्रुपमधल्या सुलोचनाबाई हसल्या. साठीच्या बाईने हसावं? स्वतः तर धाप टाकत होत्या.

१२ सप्टेंबर, दुपार. दुकानात

मोबाईलवर वाचलं की असा व्यायाम केल्यावर शरीर नंतरही चरबी जाळत राहतं. म्हणजे मी इथे कृषी केंद्राच्या गल्ल्यावर बसलोय तरी आत भट्टी पेटलेली आहे. भट्टीला इंधन लागतं. चौकातून तर्री-पोहे मागवले. वर दोन आलूबोंडे. चंदाला हे विज्ञान समजावलं तर म्हणते, वाचणं बंद करा.

शिकलेल्या माणसाची या घरात किंमत नाही.

२२ सप्टेंबर

वजन वाढलं. स्नायू जड असतात, हे जगजाहीर आहे. मॅडमला सांगितलं तर ती बघतच राहिली. तिला माहीत नसावं.

१ ऑक्टोबर

बरेच दिवस ग्राउंडवर गेलो नाही. कारणं सगळी बाहेरची आहेत. पाऊस. मग नवरात्राचे उपास, त्यात साबुदाणा, साबुदाण्याने येणारी झोप. शिवाय धानावर मावा-तुडतुडा पडला म्हणून दुकानात औषधाला गर्दी. गावाचं धान वाचवू की बर्पी काढू?

चंदा मात्र एकही दिवस चुकली नाही. घरी चहा उशिरा मिळतो. आई, म्हणजे चंद्रभागाबाई, वय बहात्तर, सुनेचीच बाजू घेते. म्हणे, तुले हात नाही का? मी स्वतः चहा केला. साखर जास्त पडली. ती चूकही माझीच ठरली.

ठराव: त्यांच्या ग्रुपची गरज नाही. स्वतःची पद्धत. रेनकोट घालून तळ्यापर्यंत पळणार, घाम काढणार, रात्री जेवण बंद.

१२ ऑक्टोबर

विजय!!

आज परत मशीनवर मोजणी होती. माझं वजन पाच किलो उतरलं. अख्ख्या ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त. चंदाचं एक किलोसुद्धा नाही. महिनाभर रोज उड्या मारून शून्य! मी तिथेच दोन शब्द बोललो. रेनकोटची पद्धत समजावली. बाया ऐकत होत्या.

मग मॅडमने सत्यानाश केला. माझा कागद हातात घेऊन म्हणे, काका, हे गेलेलं पाणी आणि स्नायू आहेत, चरबी जागेवरच आहे. चंदाकाकूंचं वजन तेच आहे, पण थोडी चरबी गेली आणि तिच्या जागी स्नायू आले. आणि वर म्हणे, वजन वेगळं, चरबी वेगळी, दम वेगळा. कधी कधी वजन हलत नाही, दम मात्र वाढलेला असतो.

मी ओरडलो की वजन म्हणजे वजन. धानाचं पोतं तोलताना आपण पोत्याचा दम विचारतो का? मॅडम म्हणाली, मंगळवारी दमाची टेस्ट घेऊ.

घे म्हटलं.

१४ ऑक्टोबर, सायंकाळ

दोन रेषांमध्ये धावायचं. शिटी वाजायच्या आत पलीकडची रेष गाठायची. शिट्ट्यांमधलं अंतर कमी कमी होत जातं. मूर्खपणाची टेस्ट आहे. खऱ्या आयुष्यात कोण शिटी वाजवतं?

मी जोरात सुरुवात केली. सगळ्यांच्या पुढे होतो, हे लिहून ठेवतो. मग बुटाने घात केला. बुटामुळे छातीत भाता सुरू झाला. बाहेर आलो. सुलोचनाबाई माझ्या बाजूने गेल्या आणि जाताना म्हणाल्या, थांबा जरासं. मला! शेवटी पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या दोन पोरी आणि चंदा एवढ्याच राहिल्या. माझी बायको. सलवारीवर. तोंड बंद ठेवून, नाकाने श्वास घेत, जशी काही विहिरीवरून पाणी आणते आहे.

घरी आल्यावर मी चिडलो. काय गरज आहे या वयात? कोणाले दाखवून राहिली? ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली की उन्हाळी धानाच्या वेळेस पोतं घेऊन गच्चीवर चढत होती. अर्ध्या पायऱ्यांवर श्वासच वर येईना. पोतं सोडून तिथेच बसली. मले वाटलं आता गेली मी, म्हणे. पोरीचं लग्न डोळ्यासमोर आलं.

मी विचारलं, मले काहून नाही सांगितलं?

म्हणे, सांगितलं असतं त तुमी माह्यावरच चिल्लावले असते.

मी म्हटलं, मी कायले चिल्लावीन? मी का राक्षस आहो? आई कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. म्हणाली, आता काय करून राहिला रे बाबू?

जेवलो नाही. रागाने. मग जेवलो.

२८ ऑक्टोबर

सेवकरामचा फोन. विचारतो, यंदा खेळाडू पाठवता का जेवणारे? मी म्हटलं, कप्तान येऊन राहिला.

आमच्या संघातला कैलाश दुकानात आला. माझ्या हाताखाली रेड मारायला शिकलेला माणूस. मला म्हणतो, भाऊ, तुमी यंदा मॅनेजर राहा. मॅनेजर म्हणजे टॉवेल आणि लिंबू सांभाळणारा. त्याला दुकानाबाहेर काढला. युरिया घ्यायला आला होता, तोही दिला नाही. राग शरीराला चांगला असतो. रक्त फिरतं.

ठराव: उद्यापासून रोज सराव.

६ नोव्हेंबर

उद्यापासून नक्की. धान कापणीला मजूर मिळत नाहीत, याला मी जबाबदार नाही.

९ नोव्हेंबर, सायंकाळ

लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

मंडई भरलेली. माइकवर माझं नाव घेतलं, टाळ्या पडल्या. पहिलीच रेड मी घेतली. कैलाश नको म्हणत होता. रेषा ओलांडली, कबड्डी-कबड्डी सुरू केलं. पाय चांगले चालले. पाच किलो हलका होतो, खोटं कशाला बोलू. सेवकराम कोपऱ्यात उभा होता, त्याचंही पोट सुटलंय, तेवढंच समाधान. त्याच्याकडे वळलो आणि आवाज गेला. कबड्डीतला 'क' आला, पुढचं आलंच नाही. कुणी मला धरलं नाही. कुणी हात लावला नाही. मी मैदानाच्या मध्ये एकटा उभा, तोंड उघडं. पंचाने शिटी मारली. दम तुटला म्हणे. बाद.

मग गुडघे टेकले.

सेवकराम धावत आला. हसत नव्हता, याचा जास्त राग आला. आणि बायांच्या बाजूने दोरी ओलांडून चंदा आली. मैदानात. माझं मनगट धरलं, पुढे वाकून बसवलं. पंचाने फालतू शिटी मारली, असं मी सांगायला लागलो. ती सगळ्या गावासमोर ओरडली, गप्प बसा अन् श्वास घ्या!

बावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ओरडली.

घेतला श्वास. बोलताच येत नव्हतं.

११ नोव्हेंबर

भंडाऱ्याला डॉक्टरकडे. ईसीजी साफ. डॉक्टर म्हणाले, हृदयात काही खराबी नाही, बाकी सगळं सुधारायला वाव आहे. परतीच्या एसटीत मी चंदाला म्हटलं, बघ, काही नव्हतं. ती खिडकीकडे तोंड करून पदराने डोळे पुसत होती. मला वाटतं धूळ होती. एसटीत धूळ असतेच.

धूळ नव्हती.

१७ नोव्हेंबर

मेघा मॅडमला आणखी गावं मिळाली. आंधळगावची सकाळची बॅच आता चंदा घेणार. मला विचारलं नाही. नवीन लोकांची ओळ वेगळी, उड्या नाहीत, आधी चालणं. त्या ओळीत दोन जण आहेत. एक मी. दुसरी आई. आई पुढे असते.

१८ नोव्हेंबर, सकाळ

चंदा म्हणाली, आजपासून माझ्यासोबत तळ्याच्या पाळीपर्यंत चाला. बोलता येईल एवढ्याच वेगाने, असा तिचा नियम. मी लगेच तयार झालो, कारण बोलायचं बरंच साचलं होतं. बॅच मला का दिली नाही. आईला पुढे का ठेवलं. मंडईत सगळ्यांसमोर माझ्यावर का ओरडली. एकेक मुद्दा मनात नीट लावून निघालो.

शाळा ओलांडेपर्यंत पहिला मुद्दा अर्धा झाला. पुढे चढ आहे.

परत येताना तीच बोलत होती. पोरीचं स्थळ, विकलेल्या धानाचे अडकलेले चुकारे, सुलोचनाबाईचा गुडघा. मी हो म्हणत होतो. तेही मानेनं.